ऐंशीच्या वर

जुई कागवाडेचं दिव्यांगत्व अठ्ठ्याहत्तर टक्के निघालं, आणि तिच्या आईला भर दुपारी पोस्टाच्या पायरीवर मटकन बसावं लागलं.

निरोप मोबाइलवर आला होता आणि त्याचा सूर चक्क अभिनंदनाचा होता. ‘आपल्या पाल्याच्या क्षमतेत सुधारणा आढळली आहे. दिव्यांगत्व ७८ टक्के. आजीवन छत्र योजनेसाठी किमान ८० टक्के आवश्यक असल्याने आपला अर्ज अपात्र ठरत आहे.’ सुनेत्राबाईंनी तो तीनदा वाचला. अल्पबचतीच्या एजंट होत्या त्या, गेली पस्तीस वर्षं. अर्ध्या मिरजेची म्हातारपणं त्यांनी मार्गी लावली होती. कुणाची मुदत कधी संपते, कुणाच्या लेकीचं लग्न कुठल्या सर्टिफिकेटात गुंतलंय, सगळं तोंडपाठ. आणि स्वतःच्या लेकीची पुढची चाळीस वर्षं मात्र दोन टक्क्यांनी हुकली होती.

जुई एकोणतीस वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याचं नाव सेरेब्रल पाल्सी. डोकं शाबूत, किंबहुना जरा जास्तच तल्लख. शरीर मात्र त्या डोक्याचं ऐकत नसे. पाय कामाचे नव्हते, उजवा हात आखडलेला, बोलणं एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं. डावा हात तेवढा थोडाफार तिच्या बाजूचा होता. वडील भूपाल कागवाडे आठ वर्षांपूर्वी गेले. पुण्याच्या पुतण्याने ‘काकू, काही लागलं तर कळवा’ असं सांगून फोन उचलायचंच सोडून दिलं. आणि मागच्या दिवाळीत डॉक्टरांनी सुनेत्राबाईंच्या हृदयाची तपासणी करून सांगितलं, पंप थकलाय, जपा. किती वर्षं, ते डॉक्टर बोलले नाहीत आणि बाईंनी विचारलं नाही.

ज्या घरात असं मूल असतं त्या घरात एकच प्रश्न जेवायला बसतो आणि एकच उठतो. आमच्यामागं हिचं कोण? पेन्शन मिळते, पण पेन्शन उठून पाणी पाजत नाही. छत्र योजना माणूस देत होती. आईबाप गेले की सरकारी वसतिगृहात खोली, जेवण, औषध, सांभाळायला सेविका, शेवटच्या श्वासापर्यंत. फक्त ऐंशीच्या वर.

पूर्वी हे टक्के माणसं ठरवायची. शिबिर भरायचं, डॉक्टर पाच मिनिटं बघायचे आणि आकडा लिहायचे. शिबिराला निघताना घरोघरच्या आया मुलांना एकच धडा द्यायच्या, साहेबांपुढं हात मांडीवर ठेवायचा, हलवायचा नाही. सुनेत्राबाईंनीही दिला होता आणि जुईने तो झकास वठवून पंच्याऐंशी टक्के मिळवले होते. यात पाप आहे असं कुणालाच वाटत नसे. न वाढवता दाखवलं तर सरकार निम्मंच धरतं, असा सगळ्यांचा अनुभव होता.

मग मापबंध आला आणि शिबिरं बंद झाली.

एक पट्टी मानेला, एक दंडाला. आपला हात हलण्याआधी मेंदूतून आज्ञा सुटते. ती विजेच्या बारीक लहरीसारखी नसांतून स्नायूपर्यंत पोचते आणि मग स्नायू ओढला जातो. मापबंध ही लहर वाटेत ऐकतो. आज्ञा किती सुटल्या, स्नायूने किती ऐकल्या, त्यातून कामं किती पुरी झाली, अशी तिहेरी नोंद चोवीस तास होते. टक्के काढतात ते पुऱ्या झालेल्या कामांवरून. ढोंग केलं तर? मुद्दाम हात दाबून धरणाऱ्याच्या नसांतून दोन आज्ञा एकदम धावतात, एक ‘हल’ म्हणणारी आणि एक ‘हलू नको’ म्हणणारी. दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताठतात आणि यंत्र ते जागच्या जागी पकडतं. पहिल्याच महिन्यात जिल्ह्यात दीडशे जण असे सापडले. त्यांची पेन्शनही गेली.

जुईने ढोंग केलंच नव्हतं. तिचा हात खरोखर सुधारला होता. नसीम मुल्ला ही फिजिओथेरपिस्ट पोरगी तीन वर्षं आठवड्यातून दोनदा घरी येऊन त्या डाव्या हाताच्या मागं लागली होती. जुई त्या हाताने पेला उचलून पाणी प्यायला शिकली, खुर्चीच्या हातावरची घंटी दाबायला शिकली, पडदा ओढायला शिकली. तिला बांगड्यांचा भारी सोस. उजव्या हातात स्वतःच्या डाव्या हाताने बांगडी चढवायला तिला पाव तास लागे, आणि मध्ये कुणी मदतीला गेलं की ‘स-र-क’ म्हणून ती डाफरे. पहिल्यांदा तिने पेला उचलला तेव्हा सुनेत्राबाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. देव देतो अन् कर्म नेतं म्हणतात, ते असं.

निरोपाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. पुढच्या अठरा महिन्यांची सरासरी टक्केवारी ऐंशीच्या वर राहिली, तर अर्ज पुन्हा विचारात घेतला जाईल.

सुनेत्राबाईंनी योजनेची पुस्तिका आणली आणि एजंटच्या डोळ्यांनी वाचायला घेतली. पस्तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. प्रत्येक योजनेला एक फट असते, आणि ती लिहिलेल्या अक्षरांत नसते, लिहायच्या राहून गेलेल्या अक्षरांत असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना ती सापडली. यंत्र दाबलेली इच्छा पकडत होतं. झालीच नाही अशी इच्छा पकडायची सोय त्याच्यात नव्हती. तहान लागण्याआधी पाणी ओठांशी आलं तर हात कशाला पुढं होईल? आज्ञाच सुटणार नाही. काम पुरं होणार नाही. आणि टक्के वर चढतील, कायदेशीर.

जुईला यातलं काही सांगता येणार नव्हतं. सांगितलं असतं तर तिने हात आवरून धरला असता, आणि आवरलेला हात यंत्र ओळखतं. म्हणून मुलीच्या भल्यासाठी मुलीपासूनच लपवायचं ठरलं. आई म्हणून त्यांना ते फार अवघड वाटलं नाही, हे इथे सांगून टाकायला हवं. मुलांच्या भल्याचं मुलांना न विचारता ठरवायची आपल्याकडे सवयच असते.

पहिल्यांदा नसीमला थांबवलं.

“थोडे दिवस येऊ नकोस गं. जुई कंटाळलीय.”

“जुई कंटाळलीय?” नसीम चपला घालता घालता थांबली. “काकू, परवा मला सोडत नव्हती ती. म्हणाली, पुढच्या महिन्यात वेणी घालायला शिकायचं.”

“माझीच तब्येत बरी नसते. घरात ये-जा नको वाटते.”

“तसं असेल तर राहू दे. पण हात वापरता ठेवा हं. पायवाटेसारखं असतंय बघा ते. रोज चाललं तर वाट राहते. चालायचं सोडलं की गवत चढतं, आणि मग मेंदूलाच आठवत नाही इथनं वाट होती म्हणून.”

“ठेवते की,” सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी ते ऐकलं नव्हतं असं नाही. पण अठरा महिने म्हणजे अठरा महिने, त्यानंतर पुन्हा सुरू करू, असा त्यांचा हिशेब होता. मुदत ठेवीसारखा. ठेवायचं आणि मुदत संपली की आहे तसं काढायचं.

मग घर बदललं. जुई डोळे चोळते न चोळते तोच तिच्या हातात बांगड्या चढलेल्या असत. दर अर्ध्या तासाने पाणी. ऊन सरकायच्या आधी पडदा ओढलेला. घंटीपर्यंत बोट जायच्या आत आई दारात हजर. सुरुवातीला जुई चिडली. “मी... क-र-ते,” म्हणायची. “कर की, पण आज राहू दे, मला वेळ आहे,” असं म्हणून आई पेला ओठांना लावायची. पहिल्या महिन्यात आकडा एकोणऐंशी झाला. तिसऱ्या महिन्यात ब्याऐंशी.

सहाव्या महिन्यापासून जुई शहाण्यासारखी वागू लागली. डाफरणं थांबलं. खिडकीतून गल्लीत जाणाऱ्या-येणाऱ्यांवर टोमणे मारायची तिची सवय होती, तीही हळूहळू सुटली. शेजारच्या आक्का म्हणत, आई असावी तर अशी, पोरीला तोंड उघडायला लागत नाही. सुनेत्राबाईंना ते ऐकून बरं वाटायचं. थकायच्या त्या, जिना चढताना छातीत कळ यायची, पण आकडा चढत होता. अठराव्या महिन्यात तो एक्क्याण्णव झाला आणि खोली मंजूर झाल्याचं पत्र आलं.

सही करायला सांगलीला जायचं होतं. दोन तासांचं काम. सकाळी नऊला जुईला खाऊपिऊ घालून, तिला खिडकीशी खुर्चीत बसवून, डाव्या बाजूच्या स्टुलावर पाण्याचा स्टीलचा पेला ठेवून सुनेत्राबाई निघाल्या. आक्कांकडे किल्ली दिली आणि अकराला परत येते म्हणाल्या.

वसतिगृह बघून त्यांना खरंच भरून आलं. स्वच्छ फरशी, मोठ्या खिडक्या, मागं कढीपत्त्याचं झाड. तिथले अधीक्षक आवटी उत्साहाने सगळं दाखवत होते. जुईच्या खोलीत पलंगाच्या उशाला एक मोठं लाल बटण होतं.

“ही घंटी. दाबली की दोन मिनिटांत बाई हजर. पाणी, संडास, कूस बदलणं, काहीही. मागितलं की मिळतंय इथं.”

“आणि नाही मागितलं तर?” सुनेत्राबाईंनी सहजच विचारलं. फट शोधायची सवय.

आवटी हसले. “न मागता कसं कळणार ओ ताई? आठ जणांमागं एक बाई आहे. जेवण वेळेवर येतंय, ते काय चुकत नाही. बाकीचं ज्यानं त्यानं सांगायचं. आमच्याकडं बोलता न येणारे आहेत, पण घंटी सगळे दाबतात. कुणी हनुवटीनं, कुणी कोपरानं. एक तर कपाळानं दाबतो.” मग त्यांनी कागद पुढं केले. “एक लक्षात ठेवा, खोली मिळाली तरी मापबंध काढायचा नाही. ऐंशीच्या खाली गेलं की खोली जाते.”

अंगठ्याची नोंद घेणारी यंत्रणा बंद पडलेली होती. ती दुपारी सुरू झाली. सुनेत्राबाईंनी आक्कांना फोन लावला, तो लागला नाही. आक्का नातवाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. घरी पोचायला चार वाजले.

जुई सकाळी बसवली होती तशीच बसली होती. ऊन सरकून थेट तिच्या तोंडावर आलं होतं आणि पडद्याची दोरी तिच्या हाताशी लोंबत होती. ओठ पांढरे पडले होते. गाऊन ओला होता, खुर्चीखाली ओघळ सुकला होता. डाव्या हातापासून चार बोटांवर पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला, तसाच.

सुनेत्राबाईंच्या हातातली फाइल खाली पडली. पेला उचलून त्यांनी जुईच्या तोंडाला लावला. ती गटागटा प्यायली, ठसका लागला, पुन्हा प्यायली. दुसरा पेला. तिसरा.

“जुई, तहान लागली नव्हती का गं?”

“ला-ग-ली.”

“मग घ्यायचं नाही? इथंच तर होता पेला. घंटी दाबायची, खालचे लोक आले असते.”

जुईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईकडे पाहून अगदी साधेपणाने म्हणाली, “तू... ये-शील.”

सुनेत्राबाई जमिनीवर बसल्या. सात तास. समोर पाणी आणि सात तास. आपण मेल्यावर ही त्या स्वच्छ खोलीत, लाल बटणाच्या शेजारी, अशीच बसेल आणि वाट बघेल. आठ जणांमागं एक बाई आहे. ही मागणार नाही. कुणीतरी न सांगता येईल म्हणून ही बसून राहील, आणि जे न सांगता येत होतं ते माणूस तर तेव्हा नसेल. अठरा महिने खपून त्यांनी मुलीसाठी खोली मिळवली होती आणि त्या खोलीत जगायला लागते तेवढी एकच गोष्ट मुलीतून काढून टाकली होती. 

फोन केल्यावर नसीम अर्ध्या तासात आली. आल्या आल्या तिने मापबंध आपल्या मोबाइलला जोडला. आकडा सरकारला जातो, पण आतल्या नोंदी घरच्यांना बघता येतात. सुनेत्राबाईंनी आजवर फक्त आकडाच बघितला होता.

“हे बघा काकू. मी यायची बंद झाले त्या पहिल्या महिन्यात डाव्या हाताला सुटलेल्या आज्ञा, चार हजार दोनशे. म्हणजे तेवढ्या वेळा तिनं काहीतरी करायला घेतलं होतं. पुरी झाली तीनशे.”

“बाकीची?”

“अर्ध्यावर तुटलीत. कुणीतरी आधीच करून टाकलं असणार.” नसीमने बोटाने नोंद पुढं सरकवली. “दुसरा महिना, तीन हजार. पाचवा, नऊशे. आठवा, साठ. गेल्या तीन महिन्यांत अकरा. आज दिवसभरात एकही नाही.” ती थांबली. तिचा आवाज चढला नाही, पण तिने मोबाइल पालथा ठेवला. “काकू, काय केलंत हे?”

सुनेत्राबाईंनी सांगितलं. फट, पुस्तिका, अठरा महिने, सगळं. जुई समोरच होती. ती ऐकत होती हे दोघींनाही माहीत होतं, आणि या खेपेला सुनेत्राबाईंनी आवाज खाली आणला नाही. जुईकडे वळून त्यांनी शेवटचं वाक्य तिलाच सांगितलं. “तुला कळलं असतं तर यंत्राला कळलं असतं, म्हणून तुला सांगितलं नाही.”

जुईची मान थरथरू लागली. बोलायच्या आधी ती तशी थरथरायची.

“मला... वा-ट-लं... हात... मे-ला.” तिने श्वास घेतला. “आ-जार... वा-ढ-ला. तुला... सां-गि-तलं... नाही. तुझं... हृ-दय...”

पुढचं तिला बोलता आलं नाही, आणि लागलंही नाही. आईला धक्का बसू नये म्हणून मुलगी महिनोन्महिने आपला मेलेला हात लपवत बसली होती. आणि आई मुलीपासून तोच हात मारण्याचा बेत लपवत होती. एका खोलीत, एका पंख्याखाली. सुनेत्राबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या लहान मुलासारख्या रडल्या.

नसीम म्हणाली, “वाट पुरती गेली नसेल. नस जिवंत आहे. पण परत करायचं तर तिला तहान लागू द्यायला लागेल. पाणी समोर असताना. आणि तुम्ही जायचं नाही. तुम्हाला बघवणार नाही, आधीच सांगते. महिने लागतील. आणि जमलं तर...”

“जमलं तर ऐंशीच्या खाली येईल. खोली जाईल.”

“जाईल.”

“माझ्याकडं किती दिवस आहेत माहीत नाही, नसीम. आणि दुसरं काही नाही माझ्याकडं तिच्यासाठी. सगळं बघून झालंय.”

“हो काकू. पण मागणारी मुलगी कुठंतरी राहील. कुणाच्या तरी घरी, कुठल्या तरी आश्रमात, भांडून राहील. ही आत्ता आहे तशी त्या खोलीत किती दिवस राहील, ते तुम्ही आज बघून आलाय.”

सुनेत्राबाईंनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, हातातलं सुरक्षित ते सोडून अंधारात उडी मारू नका. आता त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं. निर्णय त्यांनी घेतलाच नाही, खरं सांगायचं तर. तो जुईने घेतला.

“उद्या,” जुई म्हणाली. “पा-णी... ठेव. तू... जा.”

सकाळी नाश्ता झाल्यावर सुनेत्राबाईंनी पेला भरून आणला आणि जुईच्या हाताला जवळजवळ टेकवूनच ठेवला. जुईने मान हलवली. “लां-ब.” त्यांनी दोन बोटं सरकवला. “लां-ब,” जुई पुन्हा म्हणाली. चार बोटांवर गेल्यावर तिचं समाधान झालं. सुनेत्राबाई स्वयंपाकघरात गेल्या. नसीम तिथं पाटावर बसली होती, तिने त्यांचं मनगट धरलं.

दहाला काही नाही. अकराला काही नाही. साडेअकराला आतून हाक आली, “आ-ई.” सुनेत्राबाई उठल्या. नसीमने त्यांना खाली बसवलं. पुन्हा हाक, मग रडणं, मग रडणंही थांबलं आणि ते सगळ्यात वाईट होतं. सुनेत्राबाईंनी गोळी जिभेखाली ठेवली. मोबाइलवर नोंद उघडी होती. तिच्यावर शून्य होतं, आणि शून्यच राहिलं, सव्वाबारापर्यंत.

मग एक आला. थोड्या वेळाने दोन. मग काही नाही. मग एकदम सात.

आत पेला फरशीवर आदळला. पाणी सांडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ जुईने एक शिवी हासडली. गल्लीतल्या रिक्षावाल्यांकडून उचललेली, अस्सल, आणि एकही अक्षर न तुटता आलेली. सुनेत्राबाई धावत दारात गेल्या. जुई घामाने भिजली होती. डावा हात स्टुलाच्या कडेवर वेडावाकडा पडला होता, पण स्टुलावर होता. तिने आईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतका राग होता की सुनेत्राबाई उंबऱ्यातच थांबल्या. गेल्या वर्षभरात मुलीच्या चेहऱ्यावर त्यांनी राग पाहिला नव्हता. ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या पुढं झाल्या आणि सवयीने पदराने तिचे ओठ पुसायला वाकल्या.

“स-र-क,” जुई म्हणाली. “पर-त... भर.”

सुनेत्राबाईंनी पेला भरला, चार बोटांवर ठेवला आणि दार लोटून बाहेर आल्या.